तिनं पाहिलं तेच लिहिलं

माझ्या डोळ्यांकडे बघून कुणालाही काही कळत नाही. चष्मा नाही, तिरळेपणा नाही. वर्तमानपत्रातली बारीकातली बारीक जाहिरात मी वाचते, पण पायाजवळ ठेवलेलं कांद्याचं पोतं मला दिसत नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा टेबलावरच्या एका कागदाची सुरळी केली आणि माझ्या डोळ्याला लावली. म्हणाले, "तुम्हाला एवढंच दिसतं. बाकीचं तुमचं मन भरून काढतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही." पडद्याचा आजार. कडेकडेनं नजर खात आत येतो, उजेड उतरला की जास्तच जाणवतो. औषध नाही. "जपा," एवढंच ते म्हणाले.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. घर जालन्यात, शाळा दोन गाड्यांच्या अंतरावर. सकाळी जालन्याहून एक गाडी, तालुक्याच्या स्टँडवर उतरायचं, तिथून दुसरी. संध्याकाळी तेच उलटं. आमच्यासारख्यांना सगळे अपडाउनवाले म्हणतात. कंडक्टर ओळखतात, चहावाला ओळखतो, पास दाखवावा लागत नाही.

डॉक्टरांचं बोलणं मी फक्त नवऱ्याला आणि वडिलांना सांगितलं. शाळेत कळलं तर पहिला प्रश्न येणार, मॅडम, मग चाळीस लेकरांचा वर्ग सांभाळता कसा? सांभाळत होते, पण ते कुणाला पटवत बसणार. वडील मात्र ऐकेनात. ते आयुष्यभर एका कचेरीत कारकून होते, आता घनसावंगीकडच्या आमच्या गावी राहतात. आमच्या घरात देव्हारा नाही, पण अर्जांची फाईल आहे. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर आलेलं टिकतं, हे त्यांनी आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी शिकवलं. त्यांनी मला सोबत नेऊन तपासण्या करायला लावल्या आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. मी ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि विसरायचा प्रयत्न केला.

स्टँडवर मात्र विसरता येत नव्हतं. शेड मोठी, पण आत अंधारी. एक ट्यूब होती, तीही फडफडायची. मध्येच एक पायरी, वरची आणि खालची फरशी एकाच रंगाची. खांबांना टेकून लोकांचं सामान. गाड्या आडव्यातिडव्या लागायच्या आणि पाटी वाचायच्या आत हलायच्या. गाडी कुठली ते कंट्रोलर भोंग्यावर सांगायचे, पण भोंगा आणि हॉर्न एकाच वेळी सुरू झाले की काही कळायचं नाही. हिवाळ्यात सहा वाजले की माझ्यासाठी ते स्टँड म्हणजे आवाजांनी भरलेली एक खोली व्हायची. मी एका जागी उभी राहायचे आणि लोक ज्या बाजूला पळतील त्या बाजूला पळायचे.

अशीच पळताना एका पोत्याला अडखळून पडले. दिवस होता तेव्हा, उन्हाचा. पोतेवाला खेकसला, "डोळे फुटले का बाई? एवढं ढळढळीत पोतं दिसंना?" कुणीतरी हसलं. मी ढोपर झटकत उठत होते, तेवढ्यात एका हातानं मला दंडाला धरून उभं केलं.

ती आमच्याच शाळेतली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दोन वर्षं आधीपासून तिथे. शाळेत आम्ही एकमेकींना मॅडम म्हणायचो. तिचं सासर जमीनजुमल्याचं, नवरा जालन्यात दुकान बघायचा. बोलायला मोकळी, अक्षर सुरेख. शाळेचे सगळे फलक तीच लिहायची. त्या दिवशी गाडीत माझ्याशेजारी बसून तिनं हळूच विचारलं, "तू महिन्यात तिसऱ्यांदा पडून राह्यली. मी मोजलंय. काय हाय खरं सांग."

मी सांगितलं. का सांगितलं, याचा नंतर फार विचार केला. बहुधा तिनं मोजलं होतं म्हणून. आपल्या पडण्याचा कुणीतरी हिशेब ठेवतंय, याचं त्या वेळी मला रडू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना तिनं आपला कोपर माझ्याकडे केला. "धर. लोकांना वाटंल मैतरणी चालल्यात." त्या दिवसापासून स्टँडवर ती माझी ताई झाली. पायरी आली की कोपर जरा दाबायची. सामान असलं की बाजूला ओढायची. घनसावंगीची, वडीगोद्रीची, जालन्याची, कुठली गाडी लागली ते मला विचारावं लागायचं नाही. सात वर्षं असं चाललं. आम्ही एकाच डब्यात जेवलो. बुद्धपौर्णिमेची खीर ती आमच्याकडे बसून खायची आणि माझ्या मुलीसाठी तिच्या घरच्या मेथीचे लाडू यायचे. माझी आई गेली तेव्हा ती तीन दिवस माझ्याबरोबर गावी राहिली. अंगणात अंधार पडला की न सांगता माझ्या बाजूला येऊन उभी राहायची.

स्टँडचं काम सुचलं ते एका म्हाताऱ्यामुळे. त्या बाबांना ऐकू येत नव्हतं. ते कुणाला सांगत नसत, नुसते बसून असत आणि प्रत्येक गाडीकडे जाऊन पाटी बघून परत येत. एका संध्याकाळी त्यांची शेवटची गाडी त्यांच्या पाठीमागून निघून गेली. भोंग्यावर तीनदा सांगितलं होतं. बाबा बसलेलेच. ताईनं त्यांना हलवून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गेली का?" मग एका ओळखीच्या जीपवाल्याला विनवून आम्ही त्यांना रवाना केलं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "ताई, मला दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही. दोघांचंही बाहेरून कळत नाही."

"मंग दे ना अर्ज. तुझ्या वडलांचं ऐक की जरा."

अर्ज आम्ही दोघींनी लिहिला. मागण्या मोठ्या नव्हत्या. शेडमध्ये दोन दिवे. पायरीच्या कडेला आणि खांबांना पिवळा रंग. कुठली गाडी कुठे लागणार ते मोठ्या अक्षरात फळ्यावर. सामान खांबाच्या पलीकडच्या बाजूला. आणि भोंग्यापासून लांब एक बाक, जिथे कारण न विचारता बसू द्यावं. हा शेवटचा मुद्दा एका कॉलेजच्या मुलीमुळे आला होता. तिला फिट यायची. यायच्या आधी तिला कळायचं, डोकं टेकायला फक्त जागा हवी असायची. पण चांगल्या धडधाकट पोरीसाठी कोण उठतं?

कंट्रोलर साहेब निवृत्तीला आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वरून मंजुरी येईल तवा येईल. दिव्याचं मी बघतो. रंगाचा अर्धा डबा माझ्याकडं पडून हाय. मारणार कोण?"

"आम्ही मारतो," ताई म्हणाली.

एका रविवारी आम्ही गेलो. जुन्या साड्या नेसून, केस बांधून. मी पायरीजवळ बसले आणि कडेनं पिवळा पट्टा ओढायला लागले. एवढं काम मला नीट जमतं. समोरची रेघ, हातात ब्रश, नजर तिथेच. रेघ इतकी सरळ आली की चहावाला म्हणाला, "मॅडम, पट्टी लावून मारली काय?" ताईनं मोबाईल काढला. "थांब. अशीच राहा. फोटो काढते." मी मान वर करून हसले.

फळा तिनं रंगवला. बाकाच्या मागे भिंतीवर तिनं तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं: सगळे त्रास दिसत नाहीत. मागितली तर जागा द्या. ही ओळ तिचीच. मी सुचवलेली ओळ लांबलचक होती, ती तिनं खोडली होती.

ते स्टँड फार बदललं असं नाही. लोकांनी पोती पुन्हा खांबाला टेकवली, फळ्यावरचे खडू पळवले. पण पायरी मला दिसायला लागली. बाबा फळा बघून उठायला लागले. ती मुलगी एकदा बाकावर आडवी झालेली मी पाहिली आणि तिच्यासाठी उठून उभा राहिलेला एक माणूस तिच्या पायाशी आपली पिशवी सांभाळत उभा होता. मला त्या दिवसांत वाटायचं, हे आपण दोघींनी केलं.

मग माझी नजर आणखी आत आली. तपासणीत डॉक्टर म्हणाले की आता दिवेलागणीनंतरचा प्रवास बंद करा. नवरा आधीपासून म्हणत होता, कपाटातला कागद बाहेर काढ. बदल्यांचे अर्ज निघाले होते. अपंगत्व असलेल्यांना आधी पसंती मिळते. जालन्यात, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका शाळेत एक जागा रिकामी होती.

त्या जागेवर ताईचाही डोळा होता. हे मला माहीत होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. सेवेच्या वर्षांवर तिचा नंबर लागण्यासारखा होता. म्हणून मी अर्ज भरायच्या आधी तिच्याशी बोलले. स्टँडवर, तिच्या कोपराला धरून.

"ताई, मी भरू का? तू म्हणशील तर नाही भरत. एखादं वर्ष काढीन अजून."

तिनं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "येडी हायेस का? भर की. तुझा हक्कच हाय तो. माझं काय, आज न्हाई तर उद्या."

"खरंच?"

"बिलकुल खरं. आन रडू नको इथं, लोक बघून राह्यलेत."

मी भरला. यादी लागली, त्यात माझं नाव त्या शाळेसमोर होतं. ताईनं पेढे आणले. शाळेत सगळ्यांना वाटले, माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं घातला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मला सांगता यायचं नाही. मी समोरच होते, समोरचं मला दिसतं, तरीही.

पंधरा-वीस दिवसांनी माझ्या नावानं पत्र आलं. माझं अपंगत्व खोटं असल्याची तक्रार होती. आदेश थांबवला होता. कागदपत्रं घेऊन चौकशीला हजर राहा. आमच्यात अशा तक्रारी होतात आणि काही खऱ्याही निघतात. खोटे कागद लावून जागा घेणारे मी पाहिलेत. त्यामुळे राग आला नाही, भीती वाटली. पत्र घेऊन मी पहिल्यांदा ताईकडेच गेले.

"कोण असेल गं?"

"कोणबी असंल. लोकांना काय धंदा हाय?"

"तू माझ्या बाजूनं लिहून देशील? की तू सात वर्षं मला स्टँडवर हात धरून नेतेस. तुझ्याइतकं कुणी पाहिलं नाही."

"देते ना. त्यात काय."

तिनं ते दिलं नाही. आज देते, उद्या देते. सासू दवाखान्यात हाय, बाई. मी पुन्हा मागितलं नाही, कारण सासू खरंच दवाखान्यात होती. चौकशीच्या दिवशी मी आणि नवरा गेलो. वडील गावाहून त्यांची फाईल घेऊन आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जणू त्यांचीच सुनावणी होती.

साहेब सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दाखवली. खुर्ची बाजूला होती, मला सापडली नाही; नवऱ्यानं ओढून दिली. साहेबांनी ते पाहिलं की नाही, माहीत नाही. तक्रारीसोबत एका सहकारी शिक्षिकेचं निवेदन जोडलं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, वाचायला लागले.

सदर शिक्षिका दररोज बसमध्ये वर्तमानपत्र वाचतात. मोबाईलवरील बारीक अक्षरे चष्म्याशिवाय वाचतात. फळ्यावर सरळ ओळीत लिहितात. सुईत दोरा ओवतात. बसस्थानकावर त्यांनी स्वतः रंगकाम केले असून पट्टा कुठेही वाकडा नाही. सोबत छायाचित्र जोडले आहे. त्यांच्या दृष्टीत दोष असल्याचे मला कधीही जाणवले नाही.

साहेबांनी फोटो माझ्यासमोर सरकवला. जुनी साडी, हातात ब्रश, खाली पिवळी रेघ. मी मान वर करून हसत होते.

मग त्यांनी निवेदनाचा कागदही दाखवला. नावाची गरज नव्हती. ते अक्षर मी सात वर्षं शाळेच्या प्रत्येक फलकावर पाहिलं होतं. ज्या हातानं सगळे त्रास दिसत नाहीत असं भिंतीवर लिहिलं, त्याच हातानं मला कधीही जाणवले नाही असं लिहिलं होतं. तोच वेलांटीचा झोक.

साहेबांनी विचारलं, "यात लिहिलंय ते खोटं आहे का?"

मी म्हटलं, "नाही. वाचते मी. पट्टाही मीच मारला."

वडील उठायला लागले. नवऱ्यानं त्यांना बसवलं. मी कागदाची सुरळी करून दाखवावी, डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगावं, हे सगळं मी घरून ठरवून आले होते. काहीच सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, सुईत दोरा मी तिच्या ब्लाउजला हूक लावण्यासाठी ओवला होता. गाडीत. तिचा हूक तुटला होता आणि ती शाळेत कशी जाऊ म्हणत होती.

शेवटी वडीलच बोलले. "साहेब, पुन्हा तपासा. पाहिजे त्या दवाखान्यात तपासा. लेखी मागतो." आणि त्यांनी फाईलमधून आधीच लिहून आणलेला अर्ज काढला.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती नेहमीसारखी होती. मी वर्गात लेकरांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी उभी राहिले. संध्याकाळी स्टँडवर गाडीतून उतरताना तिनं सवयीनं कोपर पुढे केला. मी धरला नाही. दांडी चाचपडत एकटी उतरले.

"काय झालं?" ती म्हणाली.

"मॅडम, तुम्ही लिहिलं ते?"

तुम्ही म्हटल्यावर तिला कळलं. ती बाजूच्या बाकावर बसली. मला म्हणाली, "बस."

"उभीच बरी मी."

"मंग काय खोटं लिहिलं? एक ओळ दाखव मला. तू पेपर वाचतेस का न्हाई?"

"वाचते."

"पट्टा तू मारला का न्हाई?"

"मारला."

"मंग? मी पाहिलं तेच लिहिलं."

"आणि रोज हात धरायचात, ते?"

"ते मला कुणी विचारलंच न्हाई."

आजूबाजूला लोक होते. जालन्याची गाडी लागत होती. मी म्हटलं, "जागा हवी होती तर मला सांगायचं. मी विचारलं होतं तुम्हाला. याच ठिकाणी विचारलं होतं."

तेव्हा तिचा आवाज चढला. "तू विचारलं! असं विचारल्यावर कोण न्हाई म्हणंल? माझ्या मणक्याची गादी सरकून दोन वर्षं झाली. बेल्ट बांधून दोन-दोन गाड्या करून राह्यले मी. घरी सासू. मला कोण अपंगत्वाचे टक्के देतं? तुझ्याजवळ कागद हाय, माझ्याजवळ न्हाई, एवढाच फरक. सात वर्षं तुला ओढत नेलं, मला काय मिळालं?"

बेल्टचं मला माहीत होतं. तिच्या पर्समध्ये मलमाची डबी असायची, गाडीत वास यायचा. मी कधी विचारलं नव्हतं किती दुखतं. ही माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते. पण त्या दिवशी मला तिच्या बोलण्यातला एकच शब्द ऐकू आला: ओढत. मी समजत होते की आम्ही दोघी चालतोय.

"सांगायचं होतं," मी पुन्हा म्हटलं.

गाडी लागली. आम्ही दोघी एकाच गाडीत चढलो, कारण दुसरी नव्हती. ती पुढे बसली, मी मागे.

पुन्हा तपासणी व्हायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी तसाच अपडाउन केला. संध्याकाळी स्टँडवर पायरीचा पट्टा शोधत उतरायचे, तो एव्हाना पायांनी घासून फिका पडला होता. दोनदा पडले. एकदा ती चार पावलांवर होती. लोकांनी उचललं. ती पुढे झाली नाही, आणि झाली असती तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. शाळेत दोन तट पडले. काही जण मला मुद्दाम लांबून बोटं दाखवायचे, "मॅडम, किती?" मी सांगितली की म्हणायचे, बघा, दिसतं की. माझ्याशी कधी न बोलणारे एक सर एकदा म्हणाले, "एवढं बेमालूम नाटक जमत नसतं कुणाला," आणि मी त्याचे आभार मानायचे की वाईट वाटून घ्यायचं, ते ठरवू शकले नाही.

तपासणीत एका वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं असतं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. समोर दिवा लागला, दाबलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. यंत्राचा टक टक आवाज मात्र येत होता. प्रत्येक आवाजाला एक दिवा लागतोय आणि मला तो दिसत नाहीये, हे मला कळत होतं. शेजारी तपासणारी बाई होती. तिनं मला मध्येच विचारलं, "ताई, झोप तर नाही ना लागली?" मी म्हटलं, "नाही. जागी आहे मी." बाहेर आल्यावर तिनंच पाणी दिलं.

अहवाल माझ्या बाजूनं आला. तक्रार निकाली निघाली, आदेश मिळाला. वडिलांनी त्याच्या तीन प्रती काढून फाईलला लावल्या. मी जिंकले असं सगळे म्हणाले. निरोपाच्या कार्यक्रमाला ती रजेवर होती. फळ्यावर माझा निरोपाचा मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिला होता, ओळ वर चढत गेलेली.

नव्या शाळेत मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. मला एवढंच दिसतं, बाजूचं नाही, अंधारात काहीच नाही. लोक चांगले आहेत. एक तरुण मॅडम लगेच म्हणाल्या, "जिना उतरताना माझा हात धरत जा." मी म्हटलं, "नको, येते मी." त्या तीनदा म्हणाल्या, मी तीनदा नको म्हटलं. आता म्हणत नाहीत. मी कठडा धरून सगळ्यांच्या शेवटी उतरते.

मागच्या दिवाळीत वडिलांकडे जायला निघाले. मुलगी सोबत येणार होती, तिला ताप आला, म्हणून एकटीच. दुपारची वेळ धरून गेले, पण पहिली गाडी उशिरा आली आणि तालुक्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन उतरलं होतं. ते कंट्रोलर साहेब निवृत्त झालेत. फळा रिकामा होता. सणाची गर्दी, दोन गाड्या एकामागे एक लागलेल्या, पुढच्या गाडीची पाटी माणसांमागे झाकलेली. मी शेजारच्या बाईला विचारलं, "ताई, ही घनसावंगीची का?"

"असंल बहुतेक," ती म्हणाली आणि लेकराला घेऊन पळाली.

मी त्या गाडीकडे निघाले. तेवढ्यात उजव्या बाजूनं आवाज आला.

"ती न्हाई. वडीगोद्रीची हाय ती. तुझी मागची."

मी त्या बाजूला मान वळवली नाही. वळवली असती तर ती मला दिसली असती. ती तिथेच कुठेतरी बसली होती. आवाज थकलेला होता, आणि ती मला अजून तू म्हणत होती.

मी मागच्या गाडीपाशी गेले. पाटी दिसत नव्हती. दारात एक म्हातारे गृहस्थ चढत होते, त्यांना विचारलं, "ही घनसावंगीला जाते ना?"

"हो बाई, चला."

मी चढले. आत कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन उभा होता. त्याला पुन्हा विचारलं.

"घनसावंगीच," तो म्हणाला. "पाटी लावलीय की समोर, मॅडम. बसा."

मी दारालगतच्या सीटवर बसले. गाडी हलेपर्यंत दार धरून होते.